मुखकमलचा डावा गाल

काशीदअण्णांनी माझ्या गळ्याभोवती पांढरं कापड आवळलं आणि कानाशी येऊन विचारलं, "दोन दिसांची का तीन?"

"तीन. मालकांनी सांगितलं होतं, वाढवून या."

"झकास वाढलीय. भांडी घासायला झाली असती."

समोर पाच खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांवर बसलेले पाचही जण माझ्या गालांकडे बघत होते. मिरजेच्या ग्राहक भांडाराच्या वरच्या मजल्यावरची बैठकीची खोली, सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली दुपार. टेबलाच्या एका अंगाला आमच्या कारखान्याच्या 'मुखकमल' दाढीच्या साबणाची वाटी, ब्रश, गरम पाण्याचा तांब्या आणि तुरटीचा खडा. दुसऱ्या अंगाला शेव्हिंग जेलचा एक निळा डबा. नुसता डबा. आपल्याला बाकी काही लागत नाही, हेच त्याचं म्हणणं होतं.

भांडाराची बेचाळीस दुकानं होती, बहुतेक साखर कारखान्यांच्या वसाहतींतून. आमचा साबण घेणारं तेवढं एकच मोठं गिऱ्हाईक उरलं होतं. आता त्यांनाही वाटायला लागलं होतं की फळीवर साबणाच्या जागी जेल ठेवावं. आमच्या परचुरे मालकांनी पत्र लिहिलं, 'एका माणसाचे दोन गाल घ्या. डाव्याला साबण, उजव्याला जेल. हरलो तर कारखान्याला कुलूप लावतो, पुन्हा आपल्या दारात येणार नाही.' कुलपाची गोष्ट त्यांनी शब्द सजवण्यासाठी लिहिली नव्हती. कारखान्यात आम्ही अकरा जण होतो आणि अकराही जणांना ते माहीत होतं.

माणूस मी होतो. तो माझा पेशाच होता.

हुद्दा कारकुनाचा. पण मालकांनी मला घेतलं ते अक्षरासाठी नव्हे. चौऱ्याहत्तर साली मुलाखतीला गेलो, तेव्हा त्यांनी माझी प्रमाणपत्रं बाजूला सारली, उठून माझ्या गालावरून पालथी बोटं फिरवली आणि विचारलं, "आज केली नाहीत?"

"केली. सकाळी आठला."

घड्याळात अकरा वाजत होते. मालक म्हणाले, "उद्यापासून या, वाकनीस."

दर तीन आठवड्यांनी साबणाचा नवा घाणा निघायचा. तो काढायचे दस्तगीरमामा. साबण मुरला की एक वडी माझ्याकडे यायची. मी कारखान्यातल्या आरशासमोर उभा राहून डाव्या गालाला मागच्या घाण्याचा साबण लावायचा, उजव्या गालाला नव्याचा, आणि दाढी करायची. दस्तगीरमामा शेजारी टॉवेल घेऊन उभे. विचारायचे, "काय म्हणतो?"

मी म्हणायचो, "मागच्यासारखाच."

मग ते 'अल्ला' म्हणायचे, मी वहीत तारीख घालून तेच लिहायचो आणि माल बाहेर पडायचा. त्या वहीला आम्ही गालवही म्हणत असू. तेवीस वर्षांत मी दोनच घाणे परत पाठवले. एकदा क्षार जास्त होऊन गाल पोळला तेव्हा, आणि एकदा साबणाला फिनेलचा वास यायला लागला तेव्हा. मालक चारचौघांत सांगायचे, "वाकनीसांवर माझा विश्वास असेल नसेल, त्यांच्या गालावर आहे." खोबरेल महागलं की ते दस्तगीरमामांना सांगत, चमचाभर कमी घालून बघा. पोटॅश मिळेनासं झालं की म्हणत, थोडा सोडा चालतो का बघा. पण परवानगी गालाची. गाल हो म्हणाला तरच पुढे. इतकी काळजी घेणारा मालक मी पाहिला नाही.

तर खोलीत समोर बसले होते ते असे. मधोमध भांडाराच्या खरेदी व्यवस्थापक आरवाडे मॅडम. त्यांच्या दोन बाजूंना समितीचे दोन सभासद, त्यांपैकी एकाला छातीपर्यंत दाढी होती. कडेला जेल कंपनीचा प्रतिनिधी समीर धोंगडे, तिशीचा, इतका गुळगुळीत की त्याच्या गालावर बसलेली माशी घसरली असती. आणि दुसऱ्या कडेला आमचे मालक, धुवट सदऱ्यात, हात मांडीवर, मुलगी दाखवायला आलेल्या बापासारखे.

दाढी करायला काशीदअण्णांना बोलवावं, हे दोन्ही पक्षांना मान्य होतं. गावातलं सगळ्यांत जुनं दुकान त्यांचं. मालक स्वतः दर गुरुवारी त्यांच्याकडे दाढी करत आणि 'मुखकमल'च्या वाटीत ब्रश फिरताना बघत. त्यांना त्यापेक्षा दुसरा देव ठाऊक नव्हता.

"मला दाढी नाही," आरवाडे मॅडम म्हणाल्या, "त्यामुळे मी निःपक्षपाती आहे. सुरू करा. आधी जेलवाले."

धोंगडे उठला. त्याने तळहातावर जेलचा निळा गोळा काढून दाखवला. "मॅडम, ब्रश नको, वाटी नको, पाणीही जेमतेम. चोळलं की झालं. साबणाला फेस आणायला पाच मिनिटं जातात. ग्राहकाची रोज पाच मिनिटं वाचतात."

"वाचलेल्या वेळाचं लोक काय करतात?"

धोंगडे प्रामाणिक होता. म्हणाला, "त्याची आम्ही अजून पाहणी केलेली नाही."

अण्णांनी माझ्या उजव्या गालाला जेल चोळलं. गार वाटलं. वस्तरा फिरला तो सरसर. सुलटा हात, मग उलटा हात. चांगली झाली. मी तोंडावर काही दाखवलं नाही, पण मनात म्हटलं, वाकनीस, आजपासून दुसरं काम बघा. कारण आमच्या साबणाने तशी होत नव्हती, हे मला माहीत होतं. आमच्या साबणाने मागच्यासारखी व्हायची.

मग अण्णांनी पिशवीतून आपली वडी काढली, वाटीत ठेवली, ब्रश गरम पाण्यात बुडवला आणि वाटीत फिरवायला लागले. मला वाळ्याचा वास आला. वाटलं, खिडकीला वाळ्याचा पडदा टांगला असेल. फेब्रुवारीत कोण टांगतं, हे त्या क्षणी सुचलं नाही. अण्णांनी पहिला फेस डाव्या गालावर ठेवला आणि माझे डोळे आपोआप मिटले.

त्या फेसाचं वर्णन मला करता येत नाही. फेस उभा राहिला होता. गालावर बसून केसांना एकेकाला उठवत होता. गरम होता आणि गरमच राहिला. वस्तरा आला कधी आणि गेला कधी, कळलं नाही. मला उगाचच माझं लग्न व्हायच्या आधीचे दिवस आठवले. भाड्याची खोली, खिडकीत टांगलेला आरसा आणि पगार झाल्याचा आनंद. गाल असा काही बोलतो, हे मी विसरलो होतो.

मॅडमनी दोन्ही सभासदांना पुढे पाठवलं. त्यांनी आळीपाळीने माझ्या गालांवरून हात फिरवला. दाढीवाल्याने जरा जास्त वेळ घेतला.

"डावा," पहिला म्हणाला.

"डावाच," दाढीवाला म्हणाला. "ह्याला तोड नाही. ही अशी होत असेल तर मीसुद्धा काढून टाकीन."

मग मॅडम स्वतः उठल्या. बोटांच्या टोकांनी दोनदा चाचपून त्यांनी रुमालाला हात पुसला. "परचुरे, मला वाटत होतं तुम्ही हरणार. कागद तयारच ठेवले होते. आता दुसरे करावे लागतील. सहा महिन्यांची ऑर्डर, सगळ्या दुकानांना. खाली या."

मालक उठले. मग माझ्याजवळ आले आणि माझ्या डाव्या गालाला हात लावून म्हणाले, "दस्तगीरला आधी सांगा." एवढं बोलून मॅडमच्या मागे जिना उतरले. धोंगडेने जाताना माझ्या हातात जेलचा डबा दिला. "ठेवा काका. आमच्याकडून." वाईट मुलगा नव्हता.

खोलीत अण्णा आणि मी उरलो. ते वस्तरा धूत होते.

"अण्णा, ब्रश नवा घेतला का?"

"ब्रश त्योच."

"पाणी कुठलं होतं?"

"नळाचं." त्यांनी वस्तरा पुसला, पेटीत ठेवला. मग दाराकडे एकदा बघून घेतलं. "साबण जुना हाय."

"म्हणजे मागच्या घाण्यातला?"

"शात्तर सालातला."

मी कापड सोडत होतो, ते तसंच हातात राहिलं.

"त्या वक्ताला तीन पेट्या घेऊन ठिवल्या हुत्या," अण्णा म्हणाले. "साबण मिळायचा न्हाई म्हणून बोलवा उठली हुती. पुढं त्याच्यासारखा ईना, म्हणून जपून ठिवल्या. फकस्त नवरदेवाला वापरतो. हळदीच्या सकाळी. आता दीडच वडी ऱ्हायलीय. म्हटलं, मालकाच्या घरचं कार्य हाय, आज काढू."

"पण दुकानात तर तुम्ही आमचा ताजाच..."

"कुठला ताजा?" ते हसले नाहीत. "आठ वर्सं झाली, तुमचा साबण गालाला लावला न्हाई मी. फेस वाटीतनं गालावर जाईस्तवर बसतोय. गिऱ्हाइकाचं रगत काढू का मी? टूबमधली क्रीम पिळतो तुमच्या वाटीत."

"आणि गुरुवारी? मालकांना?"

"त्यास्नी तर दोन बोटं जास्तच पिळतो. म्हातारा डोळं मिटून म्हणतो, बघा अण्णा, आमचा साबण. मी म्हणतो, व्हय मालक." अण्णांनी पेटीचा खटका लावला. "मला वाटलं तुमास्नी म्हाईत असंल. गाल तुमचा."

मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. त्यांचा विश्वास बसला नाही. तरी त्यांनी फडक्यात गुंडाळून वडीचा उरलेला तुकडा माझ्या खिशात घातला.

दाढी पुन्हा येईपर्यंत मी एक दिवस थांबलो. त्या दिवशी कारखान्यात पेढे वाटले गेले. दस्तगीरमामांनी दोन खाल्ले आणि एक घरी नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात मी डाव्या गालाला शहात्तरचा साबण लावला आणि उजव्याला त्या आठवड्याचा. असं मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. तेवीस वर्षं मी साबणाला मागच्या साबणाशी ताडून पाहत होतो. मागच्याच्या मागच्याशी कधी नाही. तसं कुणी सांगितलं नव्हतं, आणि सुचायला हवं होतं ते सुचलं नाही. डाव्या गालावर फेस उभा होता. उजव्या गालावर साबणाचं पाणी होतं, आणि वस्तरा फिरल्यावर त्यात रक्त होतं.

कारखान्यात जाऊन गालवही काढली. तीनशे शहाण्णव नोंदी. दोन सोडल्या तर सगळ्या एकाच शब्दाच्या. सगळ्या खऱ्या. चमचाभर खोबरेल गेलं तेव्हा साबण मागच्यासारखाच होता. पोटॅशच्या जागी चिमूटभर सोडा आला तेव्हाही मागच्यासारखाच. वाळा जाऊन बाटलीतला वास आला तेव्हा मी आणि दस्तगीरमामा दोघांनी हुंगून बघितलं होतं. साबण एका दिवशी बिघडला असता तर मी त्याला पकडला असता. त्याने माझ्या देखत, माझ्या सहीने, तेवीस वर्षं घेतली.

दस्तगीरमामा कढईशी उभे होते. मी तो जुना तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

"हा मी केलेला," ते म्हणाले.

"पुन्हा होईल?"

"का नाही होणार? सगळं डोक्यात आहे." त्यांनी तुकडा परत दिला. "पण त्या मालाने ऑर्डर पुरी करायची तर मालकांना कारखाना विकून तेल आणावं लागेल. मग करणार कुठे?" मग कढईकडे वळत म्हणाले, "वाकनीस, मी दर वेळी तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतं, मामा."

मग मी मालकांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. अण्णांची क्रीम तेवढी गाळली. ते पाप माझ्या खात्यावर नव्हतं. मी थांबल्यावर मालक म्हणाले, "कुठल्या घाण्यापासून?"

"तसं सांगता येणार नाही."

"एखादा असेल ना, जिथून वाईट म्हणता येईल."

"नाही, मालक. सगळे पास आहेत."

त्यांनी हात पुढे केला. मी तुकडा दिला. ते आरशापाशी गेले, सदऱ्याच्या बाह्या मागे सारल्या, गळ्याशी टॉवेल खोचला. बुधवार होता, म्हणजे सहा दिवसांची दाढी होती, पांढरी. आपल्या हाताने दाढी करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. डाव्या गालाला त्यांनी शहात्तरचा साबण लावला. खोलीभर वाळा पसरला. मग उजव्याला परवाचा. दस्तगीरमामा टॉवेल घेऊन दारात येऊन उभे राहिले होते, सवयीने.

मालकांनी डावा गाल केला. उजवा करायला घेतला. वस्तरा दोनदा अडकला, तिसऱ्यांदा हनुवटीच्या वर बारीक लाल रेघ आली आणि वाहायला लागली. त्यांनी तोंड धुतलं. तुरटी फिरवली. आरशात आधी डावीकडे वळून बघितलं, मग उजवीकडे. बाहेर बायका वड्यांवर कागद चढवत होत्या, भांडाराच्या ऑर्डरच्या. त्यांच्या गप्पा ऐकू येत होत्या.

"मागच्यासारखाच आहे," मालक म्हणाले.

त्यांनी वस्तरा पुसून ठेवला.

"मला तरी फरक वाटत नाही. दस्तगीर?"

दस्तगीरमामांनी खाली बघितलं. "माझं काय मालक. गाल वाकनीसांचा."

मालक माझ्याकडे वळले. उजव्या गालावरचं रक्त पांढऱ्या सदऱ्याच्या गळपट्टीपर्यंत आलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि ते काय मागत होते हे मला कळत होतं. त्यांना साबण नको होता. "तुम्ही काय म्हणता, वाकनीस?"

मी म्हणालो, "मागच्यासारखाच."

तेवीस वर्षांत मी खोटं बोललो ते तेवढंच.

"लिहा वहीत," ते म्हणाले.

मी लिहिलं. दस्तगीरमामांनी टॉवेल पुढे केला. ते 'अल्ला' म्हणाले नाहीत.

माल गेला. एप्रिलच्या अखेरीस तो परत आला. बेचाळीस दुकानांतून, टेम्पो भरभरून. सोबत आरवाडे मॅडमचं दोन ओळींचं पत्र होतं. त्यात कुठेही राग नव्हता, आणि तेच वाचवत नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं की परीक्षेच्या वेळी दाखवलेला साबण पाठवता येत असल्यास कळवावे. मालकांनी पत्र घडी करून गालवहीत ठेवलं. मेमध्ये कुलूप लागलं. दस्तगीरमामा मुलाकडे इचलकरंजीला गेले. काशीदअण्णांच्या दुकानात मालक त्यानंतरही दर गुरुवारी जायचे. अण्णा वाटीत दोन बोटं जास्त क्रीम पिळायचे. मालक डोळे मिटून म्हणायचे, बघा अण्णा. दोघांपैकी एकाने तरी दुसऱ्याला काही विचारलं असेल, असं मला वाटत नाही. तीन वर्षं हे चाललं. शेवटची दाढीही अण्णांनीच केली, घरी जाऊन. म्हणे उरलेली अख्खी वडी त्या दिवशी वापरली. नवरदेवासाठी ठेवलेली.

धोंगडेने दिलेला डबा तेव्हाच संपला, पण मी जेलवरच राहिलो. ब्रश नको, वाटी नको. रोज पाच मिनिटं वाचतात. त्या मिनिटांचं काय करतो, याची पाहणी मीही केलेली नाही. शहात्तरच्या वडीचा तुकडा कपाटात फडक्यात आहे. नखाएवढा उरलाय. एक गाल होईल, पण मी करत नाही.

डबा संपला की मुलगा नवा आणून देतो. परवाही आणला. रंग जरा फिका वाटला, फेसही जरा बसका. मी आरशासमोर उभा होतो, तर त्याने बाहेरून विचारलं, "बाबा, नवीन कसं आहे?"

मी गालावरून हात फिरवला.

"मागच्यासारखंच," मी म्हणालो.